कोण राहिलंय मागे?

पोटच्या मुलीला दोन रात्री आजीकडे ठेवून नवऱ्याबरोबर समुद्र बघायला जाणारी बाई आई म्हणून कितपत पास होते, या प्रश्नानं मी आठवडाभर झोपले नव्हते. प्रश्न असा कागदावर मांडला की हास्यास्पद दिसतो, हे मला कळतं. मी शिकलेली आहे. मुलं वाढवण्यावरची जाडजूड पुस्तकं माझ्या उशाशी असतात, त्यातली निम्मी मी वाचलेलीसुद्धा आहेत. पण अर्ध्या रात्री छताकडे बघत पडलं की त्यातलं एकही पुस्तक मदतीला येत नाही.

सहल नवऱ्यानं ठरवली होती. शुक्रवारी संध्याकाळचं विमान, परदेशातलं एक समुद्राकाठचं शहर, दोन रात्री, आणि रविवारी परत. भिंगरी माझ्या आईकडे राहणार होती. भिंगरी चार वर्षांची. तिला खरं नावही आहे, पण ते आम्ही शाळेत आणि ताप आल्यावरच वापरतो.

तर निघायच्या आदल्या दिवशी, म्हणजे गेल्या महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी, लक्षात आलं की घरातल्या दोन्ही बॅगा विमानात वर ठेवायला मोठ्या पडतात. लहान चाकांची बॅग काकांकडे होती. काका म्हणजे ह्याचे सख्खे काका. उभा जन्म सहल कंपनीत गेला. माणसं देशोदेशी फिरवून आणायची, हरवलेले पासपोर्ट आणि रुसलेल्या बायका शोधायच्या, असं स्वतःच्या नोकरीचं वर्णन ते करतात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. एकटेच राहतात. जेवणं उरकून साडेआठच्या सुमाराला आम्ही निघालो.

दारात मी सवयीनं म्हटलं, "कोण राहिलंय मागे? चला!"

ही सवय माझ्या आईची. आम्ही पाच भावंडं, त्यात आलेली-गेलेली चुलत-मावस. कुठूनही निघताना आई दारात उभी राहून घराकडे तोंड करून हाळी द्यायची. माझं घर तीन माणसांचं, पण तोंडाला वळण पडलंय.

"तिघं आहोत," नवरा म्हणाला. "तिघंही दारात उभे आहोत. आता कोण राहणार, फ्रिज?"

"कोण लाहिलंय मागे? चला!" भिंगरीनं बोबडं काढून दाखवलं. तिला 'र' चांगला येतो. लाडात आली की येत नाही. माझ्या या हाळीचा तिनं खेळच करून टाकलाय. हल्ली कुणाच्याही घरून निघताना मी ते म्हटल्याशिवाय बाईसाहेब उंबरठा ओलांडत नाहीत.

गाडीत मी नेहमी मागे, तिच्या खुर्चीशेजारी बसते. तिच्या घशात काही अडकलं तर पुढून माझा हात पोचणार नाही, म्हणून. शेजाऱ्यांना वाटतं, मी ड्रायव्हर ठेवलाय. पुढची सीट कायम रिकामी. एकदा तिथे कलिंगड ठेवलं होतं, तर कलिंगडाला पट्टा लावा म्हणून गाडी घरापर्यंत टिंग टिंग करत बसली. भिंगरी अजून तो किस्सा सांगून हसते.

काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि बाल्कनी. "या सूनबाई. बॅग आतल्या कपाटावर आहे, तुझा हात पोचेल. माझा आता पोचत नाही," ते म्हणाले. मी आत गेले. बॅग काढताना पलंगाकडे लक्ष गेलं. पलंगाची एक बाजू भिंतीला होती आणि मोकळ्या बाजूला उशा ओळीनं लावलेल्या, बांध घालावा तशा. भिंगरी पडू नये म्हणून मी लावते अगदी तशाच. म्हातारपणी माणूस पडायला घाबरतो, असं मनात आलं आणि वाईट वाटलं.

भिंगरीनं तिथेच जमिनीवर रंगखडू पसरले. मी तिला तिथे ठेवून बाहेर आले.

"पुढच्या महिन्यात मी पोराकडे चाललो कायमचा," काका सांगत होते. "नात झालीय. आता हे घर बंद."

"बरंच झालं की काका. एकटे किती दिवस राहणार!" नवरा म्हणाला.

काकांनी त्यावर आतल्या खोलीकडे नुसतं पाहिलं. मग विचारलं, "तुम्ही जाताय कुठं नक्की?"

ह्यानं शहराचं नाव सांगितलं. काकांनी उठून ट्यूब बंद केली, बाल्कनीतला पिवळा दिवा तेवढा ठेवला. ट्यूब डोळ्यांना बोचते म्हणाले.

"त्या शहरातली एक गोष्ट आहे. खरी आहे. माझ्या ओळखीच्यांच्या बाबतीत घडलेली. ऐकून जा."

मला पहिला संशय सासूबाईंचा आला. त्यांना ही सहल पटलेली नव्हती. "हल्लीच्या आया," एवढं म्हणून त्या गप्प बसल्या होत्या, आणि त्या गप्प बसल्या की फोन करतात. फोन नक्की काकांना गेला असणार. सुनेला घाबरवून घरी बसवायचा बेत! मी मुद्दाम पाय वर घेऊन, ऐसपैस बसले. म्हटलं, सांगा काका. घाबरवाच.

"माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष," काका म्हणाले. "एक फरशीवाला होता ओळखीचा. फरशांचं दुकान. त्याची बायको बालवाडीत बाई. लग्नानंतर कुठं गेले नव्हते बिचारे. मीच तिकिटं, हॉटेल सगळं करून दिलं. मीही त्याच दिवसांत माझा कळप घेऊन त्याच हॉटेलात होतो. समुद्रासमोरची जुनी इमारत. लिफ्टला लोखंडी जाळीचं दार, हातानं ओढायचं. माझ्या खोलीच्या समोरचीच त्यांची खोली."

"मूल?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण गेलं तोंडून.

"दोन वर्षांचा मुलगा. तिच्या आईकडे ठेवला होता."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही.

"पहिल्या संध्याकाळी खालच्या काउंटरवरचा माणूस त्यांना किल्ली देताना म्हणाला, लहान मुलाची खाट पाठवून देऊ का वर? हे म्हणाले, मूल नाही बरोबर. तो बरं म्हणाला. पण त्यानं किल्लीकडे एकदा बघितलं आणि मग फरशीवाल्याकडे. हे मला फरशीवाल्यानं नंतर सांगितलं. तेव्हा त्याला वाटलं, बायकोनंच फोन करून खाट मागवली असेल. सवयीनं. आणि तिला वाटलं, हा आपली चेष्टा करायला त्या माणसाला पढवून आलाय. झालं. पहिल्याच संध्याकाळी दोघांची तोंडं दोन दिशांना."

"हे मात्र खरं वाटतंय," नवरा म्हणाला.

"सकाळी नाश्त्याला खाली आले. मी शेजारच्या टेबलावर होतो, माझ्या लोकांना बसचं सांगत. एक वाढपीण पोरगी आली आणि त्यांच्या टेबलाला लहान मुलाची उंच खुर्ची लावून गेली. न विचारता. बाई म्हणाली, आमच्यात कुणी लहान नाही, घेऊन जा. त्या पोरीनं खुर्ची उचलली… आणि पुन्हा खाली ठेवली. म्हणाली, त्याचं झाल्यावर नेते."

"भाषेचा घोळ असेल," नवरा म्हणाला.

"असेल," काका म्हणाले. "मीही तेच म्हटलं. परदेशात निम्मी भुतं भाषेच्या घोळातूनच होतात. पण रात्रीचं ऐक. झोपताना त्या बाईनं काय केलं, पलंगाच्या कडेला उशा लावल्या. घरी लावायची तशा. मुलगा पडू नये म्हणून. लावून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की मुलगा इथे नाहीच. हसली. पण काढल्या नाहीत. राहू दे म्हणाली. मधे जागा तशीच राहिली… एका मुलापुरती."

माझे पाय कधी खाली आले मला कळलं नाही. ऐसपैस वगैरे काही उरलं नव्हतं. मी ओळखते त्या बाईला. म्हणजे तिला नाही, पण त्या उशांना ओळखते.

"रात्री फरशीवाल्याला जाग आली. बायको झोपेत थोपटत होती. डोळे मिटलेले, हात चालू. आया झोपेतही थोपटतात, त्याला काय ठाऊक नव्हतं? तो पुन्हा झोपणार होता. पण त्या आवाजानं त्याची झोप उडाली."

"कसला आवाज?"

काकांनी खुर्चीच्या गादीवर हात आपटला. थप, थप. मग हात उचलला आणि शेजारी बसलेल्या ह्याच्या पाठीवर हलकेच थोपटलं. धप… धप.

"फरक कळला?"

नवरा जरा पुढे सरकून बसला.

"फरशीवाल्यालाही कळला. त्यानं दिवा लावला नाही. मला म्हणाला, काका, माझी हिंमतच झाली नाही. सकाळी बायको म्हणाली, छान झोप लागली, स्वप्नात बाळ शेजारी होतं. तो म्हणाला, हो का."

तेवढ्यात लाईट गेले.

घरातलेच नाही, रस्त्यावरचेही. मी मोबाइलचा टॉर्च लावून आत धावले. मला वाटलं होतं, भिंगरी भोकाड पसरणार. तिला बाथरूममध्येसुद्धा दिवा दोन मिनिटं आधी लावून लागतो. पण ती पलंगावर बसली होती. पाय खाली सोडून, अगदी कडेला, उशांच्या अलीकडे.

"भीती नाही वाटली गं?"

"नाही," ती म्हणाली. तेवढंच.

मी तिला उचलून बाहेर आणलं, बॅटरी वाचवायला टॉर्च बंद केला आणि तिला मांडीवर घेतलं. ती माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून आतल्या खोलीकडे बघत राहिली. नवरा म्हणाला, "काका, आता पुरे. हिला झोप नाही लागायची." हिला म्हणजे मला.

"एवढंच राहिलंय," काका म्हणाले. अंधारात त्यांचा नुसता आवाज येत होता. "रविवारी ते निघाले. मी माझ्या लोकांच्या बॅगा बाहेर काढत होतो, त्यामुळे हे मी स्वतः बघितलं. कुणी सांगितलेलं नाही. तो बॅगा घेऊन लिफ्टशी गेला. बाई दारात थांबली. आणि वळून रिकाम्या खोलीकडे तोंड करून म्हणाली… बालवाडीत म्हणायची तसं. वर्ग सुटताना. कोण राहिलंय? चला, चला."

भिंगरीनं मान उचलली.

"मग स्वतःशीच हसली. दार ओढलं. दार लागेना. अडलं होतं असं नाही. नुसतं थांबलं होतं. कुणी बाहेर पडेपर्यंत आपण धरून ठेवतो ना दार… तसं. मग आपोआप, हळूच लागलं. समोर साफसफाईची बाई चादरींची गाडी घेऊन उभी होती. तिनं ती गाडी भिंतीला लावली. स्वतःही भिंतीला टेकली. वाट दिली तिनं. आणि तिची नजर… एवढ्या उंचीवरून… लिफ्टपर्यंत गेली."

काकांचा हात अंधारात कुठे होता मला दिसला नाही. पण 'एवढ्या' म्हणजे केवढ्या ते मला कळलं. माझ्या मांडीवर तेवढंच बसलं होतं.

"मग?"

"मग घरी आले. त्यांचा मुलगा गादीच्या कडेला झोपायला लागला. मधे निजवला तरी सरकून कडेला. जागा ठेवून. आजीला आधी वाटलं, दोन रात्री सोडून गेले म्हणून रुसलाय."

हे ऐकून मला जे वाटलं, ते मी इथे लिहिणार नाही. कुठल्याही आईला विचारा.

"एक दिवस दोघं मुलाला घेऊन माझ्याकडे आले. इथेच. विचारायला, की तुम्ही होतात तिथे, काही बघितलंत का? मी बघितलं होतं ते सगळं सांगितलं. ती रडली नाही, काही नाही. बराच वेळ बसली. मग निघाले. त्या दारात आली, सवयीनं वळली, तोंड उघडलं… आणि हातानं गच्च दाबून धरलं. एक शब्द न बोलता जिना उतरली. लिफ्टमध्येसुद्धा शिरली नाही."

"आणि मुलगा?" मी विचारलं.

"बापाच्या खांद्यावर होता. अच्छा करत होता."

"तुम्हाला?"

अंधारात काकांची खुर्ची तेवढी करकरली.

"काका? तुम्हाला अच्छा करत होता ना?"

"त्या रात्रीपासून तो नीट झोपायला लागला," काका म्हणाले. "मधोमध."

आतल्या खोलीत काही आवाज नव्हता. तो नसलेला आवाजच मी कान देऊन ऐकत होते.

मग लाईट आले. ट्यूब बंदच होती, पिवळा दिवा तेवढा लागला. आणि मला दिवाण दिसला. बाहेरच्या खोलीतला. त्यावर काकांची चादर, काकांची उशी. उशाशी औषधं, चष्म्याचं घर, पाण्याचं भांडं. काका बाहेर झोपत होते.

मग आत, उशांच्या पलीकडे…

"चल," मी नवऱ्याला म्हटलं. "चल, उशीर झाला."

आणि आता सांगते तो दुसरा संशय. पहिला सासूबाईंवरचा होता, त्याची मला लाज वाटली. याची वाटावी की नाही, ते अजून ठरत नाही. घर बंद होणार होतं. काका नातीकडे चालले होते, आणि नातीकडे ते काही घेऊन जाणार नव्हते. अशा वेळी त्यांनी ही गोष्ट आम्हालाच का सांगावी? इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. आणि आम्ही याआधी इथून निघालो तेव्हा दर वेळी मी इथल्या दारात ते म्हटलंच असणार. की नाही? मागच्या वेळी काकाच खाली सोडायला आले होते. त्याच्या मागच्या वेळीही. आम्ही उठलो की तेच आधी उठायचे, बोलत बोलत आम्हाला जिन्यापर्यंत न्यायचे, मला वळायला उसंतच द्यायचे नाहीत. मला वाटायचं, केवढा हा पाहुणचार!

आज ते खुर्चीतून उठले नाहीत.

नवऱ्यानं भिंगरीला खांद्यावर घेतलं. मी बॅग घेतली. दारात आले. मान वळायला लागली होती, मी वळू दिली नाही. दात दातांवर दाबून धरले.

"सूनबाई," मागून काका म्हणाले. फार मऊ आवाजात. "आज काही म्हणणार नाहीस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"तू फार मायेनं म्हणतेस गं ते. मला आवडतं. घर रिकामं राहणार आता. एकटं… वाईट वाटतं."

घराला म्हणाले, की कुणाला, ते मी विचारलं नाही. ते दुष्ट आहेत असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांचा चेहरा मी बघितला नाही, एवढंच. जिना उतरायला लागले. पुढे मी, मागे नवरा. वळणावर दिसलं, त्याच्या खांद्यावरून भिंगरी वर दाराकडे बघत हात हलवत होती, काहीतरी पुटपुटली. टाटा म्हणाली असेल.

खाली येईपर्यंत मी ओठ उघडले नाहीत. नवऱ्यानं बॅग डिकीत टाकली. मी भिंगरीला तिच्या खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. शेजारी बसले. माझा पट्टा लावला. गाडीचं दार लावलं. आणि मग श्वास सोडला. झालं. एका सवयीवर मात केली. उद्या जायचं की नाही ते उद्या बघू, पण आज मी काहीही बरोबर आणलेलं नाही.

"केवढी घामाघूम झालीस," आरशात बघून नवरा हसला. "काकांना अजून जमतं हं." त्यानं गाडी सुरू केली. गाडी फाटकातून बाहेर निघाली.

टिंग.

टिंग. टिंग.

"बॅग पुढे ठेवलीस का?" नवरा म्हणाला.

"डिकीत आहे. तूच ठेवलीस."

त्यानं पुढच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. गाडी आपोआप हळू झाली आणि थांबली. टिंग. टिंग. टिंग. सीटवर काही नव्हतं. रुमालसुद्धा नव्हता.

मी भिंगरीकडे वळले.

"पिल्लू… वर जिन्यात तू काय म्हणालीस? टाटा म्हणालीस ना?"

भिंगरीनं 'नाही' म्हणून डोकं हलवलं. पुढच्या सीटकडे बघून हसली, कलिंगडाला हसते तशी. मग माझ्या कानाशी तोंड आणलं.

"तू म्हणायची विसरलीस ना आई," ती म्हणाली, "म्हणून मी म्हटलं."